२२ पिसांतले १४ गेले: एका गिलनेटवाल्या होडीचं प्रकरण

मालवण तालुक्यातल्या एका बंदरावरची ही गोष्ट, नोव्हेंबर २०२३ ची, समुद्रात सोडलेलं जाळं एका रात्रीत तुटून गेल्याची. बंदराचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, गाव छोटं आहे आणि यात ज्यांचा ज्यांचा संबंध आला ते रोज एकमेकांसमोर लिलावाला उभे राहतात. होडीवाल्यांना इथे आबा म्हणतो आणि त्यांच्या बायकोला काकी. मी त्यांच्या नात्यातलाच, गावातल्या मच्छिमार सोसायटीचं कागदपत्राचं काम बघतो. म्हणजे या सगळ्यात मी नुसता बघणारा नव्हतो, माझ्या हातूनही चुका झाल्या, त्या खाली येतीलच.

पार्श्वभूमी

आबांचं वय तेव्हा ५६. फायबरची २८ फुटी होडी, त्यावर ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन, आणि बरोबर दोन माणसं, एक पुतण्या आणि एक खलाशी. मुख्य धंदा सुरमईच्या जाळ्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे तरंगतं जाळं (गिलनेट) असतं, वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं, मध्ये चार-सव्वाचार इंचाची आस, म्हणजे जाळ्याचं भोक. संध्याकाळी पाण्याला आडवं टाकायचं, एका टोकाला बावटा, दुसरं टोक होडीला बांधायचं आणि मशीन बंद करून गप पडून राहायचं, मग होडी आणि जाळं दोन्ही पाण्याबरोबर वाहत जातात. मासा अंधारात येतो, डोकं आत घालतो आणि कल्ल्यात अडकतो. म्हणून हा धंदा काळोखाच्या दिवसांचा, चांदणं पडलं की सुरमईला जाळं दिसतं आणि ती वळसा घालून जाते. पाणी पेटलं, म्हणजे लाटेत ती निळी चमक यायला लागली, तरी तोच प्रकार.

आबांकडे अशा जाळ्याचे २२ पीस, म्हणजे तुकडे, होते, एकाला एक जोडून साधारण १२०० मीटर लांबी. एक तयार पीस तेव्हा साडेसहा हजाराच्या आसपास पडायचा. म्हणजे पाण्यात रोज रात्री १ लाख ४३ हजाराचा माल सोडून आबा झोप काढत होते, असं मी त्यांना एकदा गमतीत म्हटलं होतं, ते हसले नव्हते.

हिशोब साधा. पेट्रोल, बर्फ, खाणं असा एका फेरीचा खर्च अडीच हजाराच्या घरात, कारण पेट्रोल १०६-१०७ रुपये लिटर चाललं होतं. बरी रात्र असली तर १२ ते १५ किलो सुरमई, वर एखाददुसरी गेदर (टूनाच्या जातीचा मासा). खर्च काढून जे उरेल त्यातलं निम्मं होडी-जाळ्याचं, निम्मं माणसांचं. महिन्यात धड १४ रात्री मिळाल्या तरी आबा खुश असायचे.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढे सगळं तिथेच अडतं. होडीची नोंदणी आबांच्या वडिलांच्या नावावर होती आणि वडील जाऊन ४ वर्षं झाली होती. मासेमारीचा परवाना नोंदणीवर चालतो, म्हणजे तोही वडिलांच्याच नावाने. सगळ्यांना माहीत होतं, मलाही, कारण फाइल माझ्याच कपाटात होती. दोन भाऊ मुंबईत, एक बहीण कुडाळला, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि वारसाचं करायचं, पण होडी तर रोज समुद्रात जातेय, अडलंय कुठे, असं करत करत ते राहिलं.

त्या रात्री काय झालं

दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. खलाशी सणाला घरी गेलेला, भाऊबीज झाली तरी परतला नव्हता. आधीच्या दोन काळोख्या रात्रींत बाकीच्या होड्यांना १८ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात मोठी सुरमई लागली होती आणि सणामुळे भाव चढा होता. १६ तारखेला आबा आणि पुतण्या दोघंच गेले. जागा किनाऱ्यापासून ८-९ नॉटिकल मैल, म्हणजे १२ मैलांच्या राज्याच्या हद्दीत, यात वाद नाही. चंद्राची कोर लवकर बुडाली. जाळं साडेपाचला सोडलं.

पावणेबाराच्या सुमारास मोठ्या इंजिनाचा आवाज आला. दिवे दिसले, दोन बोटी तरी असाव्यात असं पुतण्या म्हणतो, आबा म्हणतात एकच, ती फिरून परत आली. दोघांनी टॉर्च हलवल्या, ओरडले. अर्ध्या तासाने आवाज दक्षिणेकडे गेला. दीडला जाळं ओढायला घेतलं आणि पहिले ७-८ पीस नीट आले, ३ सुरमई, २ गेदर. मग आबांच्या हाताला कळलं.

"दोरी हलकी लागता रे."

आठवा पीस संपला आणि पुढे काहीच नव्हतं.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. पुतण्याचं म्हणणं, दिवे अजून दिसतायत, मागे जाऊ, निदान बोटीचा नंबर तरी बघू. आबांनी नाही म्हटलं. ९.९ चं मशीन घेऊन हायस्पीड ट्रॉलरच्या, म्हणजे मागे जाळं ओढत चालणाऱ्या मोठ्या बोटीच्या, मागे लागणं म्हणजे सायकलवरून एसटी पकडण्यातला प्रकार, आणि पकडून करणार काय, दोघं जण, अंधारात, त्यांच्या बोटीवर आठ-दहा माणसं. अशा प्रसंगांत दगडफेक, धक्काबुक्की झालेली सगळ्या किनाऱ्याने ऐकलीय. माझ्या मते आबांचा हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता आणि त्यावर मी अजूनही पुतण्याशी भांडतो.

त्याऐवजी ते उजाडेपर्यंत जाळं शोधत फिरले. पाण्याची ओढ उत्तरेला होती, साधारण २ मैलांवर बावटा मिळाला, त्याला लटकलेल्या २ पिसांच्या चिंध्या. बाकी १२ पिसांचा पत्ता नाही. ज्या ८ पिसांचं जाळं वाचलं तेवढंच. पेट्रोल मात्र दुप्पट जळलं.

पण या शोधाशोधीत जे करायचं राहून गेलं ते असं: आबांकडे हातातला जीपीएस होता, त्यात जाळं सोडलेली जागा सेव्ह होती, पण दोरी तुटलेली जिथे हातात आली ती जागा आणि वेळ कोणी नोंदली नाही. पुतण्याचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, बॅटरी ४ टक्के. तुटक्या टोकाचा फोटो नाही, दिव्यांचा व्हिडिओ नाही, बावटा मिळाला त्या जागेचा पॉइंट नाही. आदल्या रात्री फोन पूर्ण चार्ज करून नेला असता तर पुढची अर्धी गोष्ट वेगळी झाली असती का? पूर्ण वेगळी नाही, पण माझा अर्ज तरी धड झाला असता.

जाळं नक्की कशाने गेलं

सकाळी किनाऱ्यावर चिंध्या पसरल्या तेव्हा गर्दी जमली आणि प्रत्येकाने आपलं मत दिलं. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण जाळं फाटलं की सरसकट ट्रॉलरच्या नावाने बोंब मारायची सवय आपल्यात आहे आणि ती आपल्यालाच नडते.

केंड माशाने (फुगणारा, धारदार दातांचा मासा) खाल्लेलं जाळं ओळखू येतं. गोल गोल भोकं पडतात, जिथे मासा अडकलाय त्याच्या आजूबाजूला जास्त, मासाही अर्धा खाल्लेला मिळतो. पण केंड दोरी तोडत नाही, तांगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, कुरतडतो. खडपाला (पाण्यातल्या खडकाला) लागलं तर फाटायला खालून, शिशाच्या दोरीकडून सुरुवात होते, आणि १८ वाव पाण्यात ५-६ वाव खोलीचं तरंगतं जाळं तळाला लागायचा प्रश्नच नव्हता. एखाद्या बोटीचा पंखा नुसता वरून गेला तर दोरीला पीळ बसतो, जाळं गुंडाळल्यासारखं होतं आणि सहसा एकदोन पिसांवर निभावतं.

इथे वरची दोरी ताणून तुटली होती, पेड लांबआखूड, कापसासारखे पिंजलेले. आणि खालची शिशाची दोरी एकदम सरळ, सुरीने कापल्यासारखी. म्हणजे कोणीतरी जाळं ओढत नेलं, बहुतेक ट्रॉलच्या (ट्रॉलर ओढतो त्या जाळ्याच्या) फळ्यांना किंवा तारेला अडकलं असणार, आणि मग आपलं जाळं सोडवून घ्यायला हे कापून टाकलं. हा आमचा अंदाज. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना तो पटला, मलाही पटतो, पण कागदावर पुरावा म्हणून तो किती टिकेल हे वेगळं. बोट परराज्यातली होती हेही इंजिनाच्या आवाजावरून आणि ती दक्षिणेला गेली यावरून म्हणायचं, नंबर कोणी वाचला नाही.

अडचण काय होती

वरवर बघितलं तर अडचण एकच, जाळी गेली. बारीक बघितलं तर तीन होत्या आणि त्या एकमेकांत गुंतलेल्या.

पहिली, हंगाम. सुरमईचा जोर डिसेंबरपर्यंत, काळोखाच्या थोड्याच रात्री शिल्लक, प्रत्येक रात्र मोजून पैसे. दुसरी, भरपाई मागायची कोणाकडे. गावातल्या किंवा शेजारच्या बंदरातल्या ट्रॉलरने जाळं तोडलं तर आमच्याकडे रीत आहे, दोन्हीकडच्या सोसायट्या बसतात, किती पीस गेले ते मोजतात, थोडी घासाघीस होते आणि पैसे किंवा जाळं मिळतं. राज्याबाहेरच्या बोटीबरोबर बसणार कोण. तिसरी ती जुनीच, होडी मेलेल्या माणसाच्या नावावर.

विम्याचं अनेक जण विचारतात म्हणून सांगतो. मच्छिमारांचा जो अपघात विमा आहे तो माणसाचा आहे, मृत्यू आणि अपंगत्वाचा. जाळ्याचा नाही.

तक्रार करायची की नाही

आबांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं: "कागद करून जाळी परत गावतली काय?" दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं.

कायदा कागदावर आपल्या बाजूने आहे. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, दंड लाखांत गेले आणि सुनावणीचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. १२ मैलांच्या आत आपल्या राज्याचा परवाना नसलेली बोट मासे पकडू शकत नाही. पण हे सगळं बोट पकडली गेली तर. आणि पकडली गेली तरी दंड सरकारजमा होतो, तो काही ज्याचं जाळं गेलं त्याच्या हातात येत नाही, हे आमच्या अर्ध्या लोकांना तेव्हा माहीत नव्हतं, आबांनाही नाही.

मत्स्य विभागाच्या कार्यालयात तीन गोष्टी विचारल्या. बोटीचा नंबर? नाही. जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ? सोडलेल्या जागेचे आहेत. जाळ्याची बिलं? आबांनी जाळी ५-६ वर्षांत थोडी थोडी घेतलेली, काही तर दुसऱ्याकडून जुनी, बिल एकाचंही नाही. आणि मग चौथी गोष्ट, जी त्यांनी स्वतःहून बघितली: अर्जदाराचं नाव आणि होडीच्या मालकाचं नाव वेगळं का? आबांनी सांगितलं वडील वारले. साहेब वाईट नव्हते, म्हणाले अर्ज ठेवून घेतो, गस्तीला कळवतो, पण नुकसानीचा पंचनामा कोणाच्या नावाने करू?

माझी चूक इथे. अर्ज मी लिहिला होता, दीड पान. त्यात पारंपरिक मच्छिमारांवरचा अन्याय होता, घुसखोरी होती, उपासमारीची वेळ होती, सगळं खरंच होतं, पण किती वाजता, किती वाव पाण्यात, किती पीस, आस किती, दोरीचा रंग काय, हे शेवटच्या दोन ओळींत. उलटं असायला हवं होतं. सागरी पोलीस ठाण्यातही तोच कागद दिला, त्यांनी नोंद घेतली. पुढे त्या तक्रारीचं काही झालं नाही.

पैशाचे पर्याय

खरा पेच इथे होता, आणि हे सगळं १७ ते २१ नोव्हेंबर या चारपाच दिवसांत ठरलं.

व्यापारी दुसऱ्याच दिवशी घरी आला. एक लाख देतो, व्याज नाही, लिहून काही नको, फक्त सगळी मासळी माझ्याकडे घालायची, पैसे फिटेपर्यंत. आबांचा चेहरा उजळला. काकी मच्छीबाजारात ३० वर्षं बसलेली बाई, ती तेवढ्यात म्हणाली, "तेचे पैशे घेतल्यात तर मासळी पण तेच्याच दारात घालूची लागतली. आणि भाव तो सांगतलो." बिनव्याजी उचल म्हणजे काय हे तिने एका वाक्यात सांगितलं, मला ते कळायला मार्चचा हिशोब बघावा लागला.

किसान क्रेडिट कार्ड हा दुसरा रस्ता. मच्छिमारांनाही मिळतं, तेव्हा १ लाख ६० हजारांपर्यंत तारण लागत नव्हतं, आणि वेळेवर फेडलं तर सवलती धरून व्याज वर्षाला ४ टक्क्यांवर येतं. यापेक्षा स्वस्त पैसा कुठेच नाही. पण बँकेला होडीची नोंदणी आणि परवाना लागतो, अर्जदाराच्या नावाचा. बंद.

तिसरा, पतसंस्थेत सोनं ठेवणं. १२ टक्के, तासाभरात पैसे. काकीने स्वतःच्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. आबा नाही म्हणाले. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेल्या, त्या घराबाहेर जाणार नाहीत. काकी म्हणाली सहा महिन्यांत सोडवू, तरी नाही. शेवटी ८ ग्रॅमची एक चेन तेवढी गेली, तिच्यावर ३० हजार मिळाले.

चौथा पर्याय, नवीन काही घ्यायचंच नाही, माळ्यावरची जुनी बांगड्याची दोन इंची जाळी उतरवायची, किनाऱ्याजवळ ८-१० वाव पाण्यात दिवस काढायचे. पेट्रोल कमी, धोका कमी, पैसाही कमी, आणि बांगडा एकाच वेळी सगळ्यांना लागतो मग टोपलीचा भाव निम्म्यावर येतो. पाचवा पुतण्याने काढला, पर्ससीनवर, म्हणजे मोठं जाळं गोल फिरवून थवाच्या थवा पकडणाऱ्या बोटीवर, खलाशी म्हणून जायचं, डिसेंबरअखेरपर्यंत त्यांना परवानगी असते, पगार रोख. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय परत निघाला नाही.

काय केलं

शेवटी जे झालं ते सगळ्याची खिचडी आहे. दुसऱ्या दिवसापासून बांगड्याची जाळी उतरवली आणि १६ दिवस त्यावर घर चाललं, रोज थोडं थोडं, पण होडी किनाऱ्यावर एकही दिवस पडून राहिली नाही. हे आबांनी कोणालाही न विचारता केलं आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं तेच होतं, कारण रोज चार पैसे येत असले की व्यापाऱ्याशी बोलताना आवाज वेगळा लागतो.

व्यापाऱ्याशी बोलणी काकीने केली. एक लाख नको, ४० हजार दे. सगळी मासळी नाही, फक्त सुरमई, आणि फक्त ३१ मार्चपर्यंत. बांगडा, गेदर, बाकी जे काय येईल ते मी लिलावात घालीन. दर महिन्याला १० हजार कापून घे. तो कुरकुरला, मग तयार झाला. सुरमईच त्याला हवी होती.

४० आणि ३० मिळून ७० हजार. तयार पीस न घेता सामान आणलं, एका पिसाला ५४०० पडले, आणि जाळी घरीच भरली. आबा, पुतण्या, परत आलेला खलाशी आणि शेजारचे दोन म्हातारे, अंगणात माडाला दोऱ्या बांधून. बोये भरणं, शिसं मारणं, मापाने जाळं दोरीवर चढवणं हे काम बाहेर दिलं असतं तर पिसामागे हजार-अकराशे आणखी. चिंध्या झालेल्या २ पिसांची दोरी आणि बोये कापून परत वापरले. १० पीस झाले, ५४ हजार. वाचलेले ८ धरून १८. उरलेल्या १६ हजारांत मशीनचं काम, सोलरवर लुकलुकणारे दिवे, आणि काही घरखर्च.

त्या दिव्यांवरून गंमत झाली. एलईडी मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, आणि किनाऱ्यावर कोणीतरी उठवलं की आबांनी एलईडी लावलं. मासळी ओढायला लावलेला जनरेटरवरचा उजेड वेगळा आणि बावट्यावरची ही काडेपेटीएवढी बत्ती वेगळी, ती ट्रॉलरला दिसावी म्हणून, हे मला दोघातिघांना बसून समजवावं लागलं.

टाकायची पद्धतही बदलली. एकच लांब माळ सोडायच्या ऐवजी ९-९ पिसांच्या दोन, एक गेली तर दुसरी राहील. तीनचार होड्यांनी जवळ जवळ टाकायचं, फोनवर ग्रुप, आवाज आला की सगळ्यांनी एकदम दिवे दाखवायचे. जाळं सोडल्याचा आणि ओढायला घेतल्याचा, दोन्ही पॉइंट सेव्ह. दोघांनीच जायचं नाही, तिसरा माणूस नसेल तर त्या रात्री बांगडा.

शेवटी काय निघालं

डिसेंबर ते मार्च व्यापाऱ्याकडे ५६० किलो सुरमई गेली. मी दर आठवड्याला लिलावाचा भाव आणि त्याने लावलेला भाव वहीत लिहीत होतो, फरक सरासरी किलोमागे ५५ रुपये. म्हणजे ३०,८०० रुपये. ४० हजाराच्या "बिनव्याजी" उचलीवर, शिवाय मूळ ४० हजार फेडले ते वेगळेच. चेनवर ६ महिन्यांचं व्याज १,८०० झालं.

सगळे ७० हजार सोन्यावर उचलले असते तर ६ महिन्यांचं व्याज ४,२०० झालं असतं. फरक २८,४०० चा, म्हणजे पाच पिसांचं सामान आणि वर थोडे. आबांना हा हिशोब दाखवला तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, पाटल्या गेल्या असत्या आणि परत तसंच झालं असतं तर? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. डिसेंबरमध्ये परत जाळी गेली असती तर व्यापारी थांबला असता, पतसंस्था थांबली नसती, हेही खरंच आहे. आणि व्यापाऱ्याला मी इथे खलनायक करणार नाही, फेब्रुवारीत मशीनचा गिअर गेला तेव्हा १२ दिवस त्याने बर्फाचे आणि जाळ्याच्या दोरीचे पैसे मागितले नाहीत. फक्त या मदतीची किंमत कोणी कागदावर मांडत नाही एवढंच माझं म्हणणं.

मार्चमध्ये अजून एक झालं. स्कुबावाल्या एका पोराला खडपावर जाळ्याचा मोठा बोळा सापडला, आत मेलेले खेकडे, दोन शेवंडं, आणि काही जिवंत मासे अडकलेले. गेलेलं जाळं पाण्यात गप बसत नाही, ते पकडतच राहतं, विकायला कोणी नसतं इतकंच. पोरांनी कापून वर आणलं, आबा बघायला गेले. आस तीच, तांगूस तसाच, बोये तसेच. आपलंच असेल? खात्रीने सांगता येईना, अशी जाळी शंभर होड्यांकडे आहेत. त्या दिवशी संध्याकाळी आबांनी सगळ्या १८ पिसांच्या वरच्या दोरीत वावावावाला लाल धागा ओवायला घेतला.

नोंदणीचं काम १ जूनला बंदी लागल्यावर हातात घेतलं. ६१ दिवस होड्या वर, आबा रिकामे, मीही. धाकटा भाऊ सहीला लगेच तयार झाला, मोठ्याने विचारलं की मग होडीत माझा वाटा काय, त्यावर दोन फोन आणि मुंबईला एक फेरी, शेवटी बहिणीने त्याला समजावलं. जुलैअखेर होडी आबांच्या नावावर झाली. ४ वर्षं पडून असलेलं काम दोन महिन्यांत झालं आणि त्यातला निम्मा वेळ मोठ्या भावाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये क्रेडिट कार्डावर एक लाखाची मर्यादा मंजूर झाली.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदणी आधी झाली असती तर कार्ड आधी झालं असतं, आणि १७ नोव्हेंबरला व्यापारी दारात आला तेव्हा काकीने त्याला चहा देऊन पाठवलं असतं. बाकी सगळ्या चुका याच्यापुढे लहान. यात आबांपेक्षा माझा दोष जास्त धरतो मी, फाइल माझ्याकडे होती आणि वारसाची कामं पडलेल्या अशा अजून ११ फायली त्याच कपाटात होत्या. आता ७ आहेत.

बिलं. सोसायटीत आता आम्ही प्रत्येक होडीची जाळ्यांची यादी ठेवतो, किती पीस, आस, कधी घेतले, बिल असेल तर फोटो, नसेल तर अंगणात पसरलेल्या जाळ्याचा तारखेसकट फोटो. ऑगस्टमध्ये एकदाच करायचं. अर्ध्यांनी केलं, अर्धे म्हणतात करू.

अर्जाचा नमुना बदलला, पहिल्या पाच ओळींत वेळ, जागा, खोली, नुकसान, साक्षीदार. अन्याय खाली. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली, त्यालाही कुठे आणि कधी हे कोणीतरी नीट सांगावंच लागतं.

एक गोष्ट मात्र मला पटवता आली नाही. मी म्हणत होतो १८ वाव सोडा, ट्रॉलरचा रस्ता आहे तो, १२-१३ वावात टाका, थोडी मासळी कमी लागेल. आबा गेल्या हंगामातही तिथेच टाकत होते, लाल धाग्याची जाळी, लुकलुकणारे दिवे, शेजारी तीन होड्या. मी परत विषय काढला तर म्हणाले,

"सुरमय थंयच गावता. मगे मी खंय जातलंय?"